दाखवायचे दात आणि खायचे दात

पौर्णिमेच्या दिवशी नृसिंहवाडीच्या पेठेतून देवळाकडे चालू लागले की दोन्ही बाजूंना पेढे, बासुंदी आणि कवठाची बर्फी यांची दुकाने लागतात. दत्तदर्शनाला आलेला भाविक मोटारीतून आलेला असो की एस.टी.तून उतरलेला असो, परतताना पेढ्यांचा पुडा घेतल्यावाचून राहत नाही. वाडी मागे टाकून शिरोळच्या वा कुरुंदवाडच्या रस्त्याला लागावे, तर दोन्ही हातांना ऊस उभा असतो आणि हंगामात उसाने लादलेल्या ट्रॅक्टरांची रांग संपता संपत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील हा मुलूख साखरेवर जगतो. साखरेने या मुलखाला पक्की घरे दिली, रस्ते दिले, सहकारी बँका दिल्या, आमदार-खासदार दिले. मात्र याच मुलखातील एखाद्या प्राथमिक शाळेत जाऊन मुलांना ‘आ करा’ म्हणावे. देशातील बहुतेक शाळांत जे दिसते तेच येथेही दिसेल : काळ्या पडलेल्या दाढा, अकाली पडलेले दुधाचे दात आणि त्यांच्या जागी वेडेवाकडे उगवलेले नवे दात.

२००२-०३ साली झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात बारा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांच्या दातांना कीड आढळली होती. ज्या रोगाने देशातील दर दोन मुलांपैकी एकाला गाठले आहे, त्याबद्दल आपल्या विधानसभेत किती वेळा चर्चा झाली? आणि आपल्याकडे बोट वळवून विचारायचे तर, आपल्या पक्षाच्या जाहीरनाम्यांत दात हा शब्द कधी आला आहे काय? २०१९ च्या महापुरात वाडी पाण्याखाली गेली तेव्हा सरकारला यावेच लागले. दातांचा रोग लोंढ्याने येत नाही. तो एकेका तोंडात, एकेका रात्री ठणकत येतो, आणि ठणकणारे तोंड गरिबाचे असेल तर त्याचा आवाज घराच्या उंबऱ्याबाहेर जात नाही.

दातांना तार बसवून ते सरळ करणे हा विषय काढला की आपले कार्यकर्ते हसतात. ‘अहो, लोकांना दोन वेळची भाकरी नाही आणि तुम्ही दात सरळ करण्याच्या गोष्टी सांगता!’ हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे दात वेगळे, अशी आपल्याकडे म्हण आहे. आपण नकळत माणसाच्या बाबतीतही तीच विभागणी करून बसलो आहोत. खायचे दात ही गरज आणि दाखवायचे दात ही चैन, अशी ती विभागणी. निसर्गाने ही विभागणी केवळ हत्तीच्या बाबतीत केली आहे. माणसाच्या तोंडात दातांची एकच रांग असते. तिची फाळणी समाजाने केली, आणि ती वर्गाच्या रेषेवरून केली.

शिरोळ तालुक्यातील कोणत्याही शेतमजूर कुटुंबातील सहा वर्षांच्या मुलीचे उदाहरण डोळ्यांसमोर आणावे. तिची दुधाची दाढ किडते. ‘दुधाचेच दात ते, पडायचेच आहेत’ असे आजी म्हणते, आणि तिचे म्हणणे सर्वांना पटते, कारण ते न पटल्यास खर्च आहे. दाढ ठणकू लागते, गाल सुजतो. मग एक दिवस मजुरी बुडवून आई मुलीला जवळच्या गावी नेते. दाढ भरायची झाल्यास दोन-तीन खेपा आणि बरेच पैसे, काढायची झाल्यास एक खेप आणि थोडे पैसे. अर्थातच दाढ काढली जाते. प्रश्न मिटला असे सर्वांना वाटते, पण तो तेथे सुरू होतो. दुधाची दाढ ही खाली घडत असलेल्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवणारी राखणदार असते. ती चार-पाच वर्षे आधी गेली की मागून आलेली पहिली कायमची दाढ पुढे सरकते आणि मोकळी जागा बळकावते. दहाव्या-अकराव्या वर्षी खरा मालक येतो तेव्हा त्याला बसायला जागा नसते. मग तो आत वळतो, बाहेर येतो किंवा हिरडीतच अडकून राहतो. शेतजमिनीच्या बाबतीत हा प्रकार आपण फार चांगला ओळखतो. तोंडातही तोच घडतो. तेराव्या वर्षी त्या मुलीचे दात वेडेवाकडे दिसू लागतात आणि तिला तार बसवायची तर हजारो रुपये आणि दीड-दोन वर्षांच्या खेपा लागतील असे सांगण्यात येते. तेव्हा आपण म्हणतो, ही तर चैन आहे!

सगळेच वाकडे दात असे होत नाहीत हे खरे. जबड्याची ठेवण पुष्कळदा आईबापांकडून येते, अंगठा चोखण्याच्या किंवा तोंडाने श्वास घेण्याच्या सवयीनेही दात पुढे येतात. परंतु त्यातला एक मोठा हिस्सा असा आहे की जो सहाव्या वर्षी एका साध्या उपचाराने टळला असता. दुधाची दाढ वेळेवर भरली असती, किंवा ती काढल्यावर जागा राखणारी एक छोटी तार तेथे बसविली असती, तर तेराव्या वर्षीचा मोठा खर्च बहुधा उभाच राहिला नसता. याचा अर्थ असा की गरिबाच्या मुलाच्या बाबतीत आज जी ‘शोभेची’ गरज दिसते, ती काल नाकारलेल्या उपचाराचे व्याज आहे. आणि व्याज हे नेहमी मुद्दलापेक्षा गरिबालाच जड जाते.

वाकडे दात केवळ दिसायला वाकडे नसतात. एकमेकांवर चढलेल्या दातांत अन्न अडकते, ब्रश पोहोचत नाही, कीड लागते, हिरड्या सुजतात. फार पुढे आलेले समोरचे दात खेळताना पडल्यावर आधी फुटतात. जबडा नीट न मिटणाऱ्याला ज्वारीची भाकरी चावणे कठीण होते. आणि त्या मुलीला शाळेत कोणत्या नावाने हाक मारतात, पुढे स्थळ पाहायला आलेली माणसे काय बोलून जातात, हेही आपण ऐकलेले आहे. लग्नाच्या बाजाराचे हे माप आम्हांला मान्य नाही. ते मोडण्यासाठीच आमची चळवळ आहे. पण बाजार मोडेपर्यंत त्या मुलीने तोंडावर पदर धरूनच हसावे काय?

समाजवाद्यांनी दातांचा प्रश्न क्षुल्लक मानावा, असे आपला इतिहास सांगत नाही. ब्रिटनमधील मजूर पक्षाच्या सरकारने ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. तिचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन हे वेल्समधील खाणकामगार. पोरवयातच ते खाणीत उतरले होते. त्या सेवेत दंतोपचार, कवळ्या आणि चष्मे मोफत होते. १९५१ साली अर्थमंत्री ह्यू गेट्स्केल यांनी कोरियाच्या युद्धाच्या काळातील शस्त्रसज्जतेचा भार पेलण्यासाठी कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क बसविले. रक्कम मोठी नव्हती, पण बेव्हन यांनी तत्त्वाचा प्रश्न केला आणि मंत्रिपदाचा राजीनामा दिला. हॅरॉल्ड विल्सन आणि जॉन फ्रीमन हेही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. म्हाताऱ्या कामगाराच्या कवळीसाठी मंत्रिपद सोडणारा नेता समाजवादी चळवळीने पाहिला आहे. बेव्हन यांनी ओळखले होते की मोफत सेवेच्या भिंतीला पहिले भोक पडते ते दातापाशीच, कारण दातांनी सहसा माणूस मरत नाही. त्यांचे भय खरे ठरले. पुढच्याच वर्षी, १९५२ साली, दंतोपचारावरही शुल्क आले. आज त्याच ब्रिटनमध्ये अनेक गावांत सरकारी सेवेतला दंतवैद्य मिळणे दुरापास्त झाले आहे.

बेव्हन यांना ही कल्पना सुचली कोठून, हे तर आपल्या मुलखाने मुद्दाम लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांच्या ट्रेडेगर या गावी कामगारांची एक वैद्यकीय साहाय्य संस्था होती. कामगार आपल्या मजुरीतून ठराविक पैसे देत आणि त्या पैशातून संस्था डॉक्टर आणि दंतवैद्य नेमी. कामगारांनी आपापसांत उभारलेली ती सहकारी सोय होती, आणि तिच्या नमुन्यावर पुढे एका देशाची आरोग्यसेवा उभी राहिली.

सहकार तर आपल्याकडेही होता. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्यातून महाराष्ट्रात एक युग सुरू झाले. वाडीच्या शेजारचा शिरोळचा दत्त कारखाना तर सा. रे. पाटील यांच्यासारख्या समाजवादी परंपरेतून आलेल्या कार्यकर्त्याच्या नेतृत्वाखाली वाढला. या सहकारातून शाळा निघाल्या, दवाखाने निघाले, हे कोणी नाकारणार नाही. पण दातांच्या बाबतीत काय निघाले? कोल्हापूर जिल्ह्यात नवे पारगाव येथे दंतमहाविद्यालय आहे. त्याला वारणेचा कारखाना उभारणाऱ्या तात्यासाहेब कोरे यांचे नाव आहे. सांगलीचे एक दंतमहाविद्यालय वसंतदादा पाटील यांच्या नावाने चालते; सांगलीचा साखर कारखाना दादांनीच उभारला होता. आणि विनाअनुदान खाजगी महाविद्यालयांचे दार महाराष्ट्रात १९८३ साली उघडले तेव्हा मुख्यमंत्रीही तेच होते. साखरेच्या मुलखात दंतवैद्यकाची महाविद्यालये साखरधुरिणांच्या नावांनी उभी आहेत, हा योगायोग मोठा बोलका आहे. ट्रेडेगरच्या सहकारातून कामगाराच्या दारात दंतवैद्य आला. आपल्या सहकाराच्या मुलखात फी भरू शकणाऱ्यांसाठी दंतवैद्यकाची पदवी आली.

येथे व्यक्तींच्या हेतूबद्दल काही म्हणावयाचे नाही. व्यवस्थेचा हिशेब मांडावयाचा आहे. देशात आज तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य खाजगी आहेत. दरवर्षी हजारो तरुण दंतवैद्य बाहेर पडतात. आईबापांनी जमीन विकून वा कर्ज काढून फी भरलेला तरुण सांगली, कोल्हापूर, पुणे येथे पाटी लावतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. कर्ज फेडणारे गिऱ्हाईक शहरातच मिळते. म्हणून एका रस्त्यावर पाच-सहा दंतवैद्य गिऱ्हाइकांची वाट पाहत बसतात आणि दहा कोसांवरच्या खेड्यात म्हातारा दोऱ्याने दात ओढतो. बाजाराच्या हाती उपचार सोपविला की टंचाई आणि सुकाळ एकाच तालुक्यात नांदू शकतात, याचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याची फिरती पथके अंगणवाड्या आणि शाळा यांतून जाऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतात, आणि तपासायच्या तीस विकारांत दातांचे विकारही आहेत. ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर दंतशल्यचिकित्सक असावा, असे राष्ट्रीय मानकही आहे. पण तपासणी म्हणजे उपचार नव्हे. पथकातील डॉक्टर कार्डावर ‘दातांना कीड’ असे लिहून चिठ्ठी देतात. चिठ्ठी घेऊन वाडीहून कोल्हापूरला पन्नासेक किलोमीटर जायचे, एका दाढेसाठी तीनदा जायचे आणि तीन दिवसांची मजुरी सोडायची, हे कोणत्या मजुराला परवडेल? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन करावयाच्या मोठ्या उपचारांवर आहे. किडलेली दाढ भरून घ्यायला कोणी रुग्णालयात दाखल होत नाही. कर्करोग झाल्यावर तोंड सरकारचे होते, तोपर्यंत ते ज्याचे त्याचे.

ऊसतोडणी कामगारांची मुले तर या जाळ्यातून अलगद निसटतात. बीड, जालन्याकडून टोळ्या हंगामाला इकडे येतात. शाळेचे नाव तिकडे आणि पोर इकडे फडात, अशा मुलाची तपासणी दोन्हीकडे राहून जाण्याचीच भीती अधिक. आईला दवाखान्यात जायचे म्हणजे खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम कापतो. म्हणून ठणका मिश्रीने दाबला जातो. भाजलेल्या तमाखूची ही पूड आपल्या खेड्यांतील बायका दात घासण्याच्या नावाखाली लावतात. खरे तर ती भूक, थकवा आणि दुखणे ही तिन्ही मारण्यासाठी असते. केंद्र सरकारने १९९२ साली दंतमंजनांत तमाखू वापरण्यास बंदी केली, राज्याने २०१२ साली गुटखा बंद केला. तव्यावरच्या मिश्रीला कायदा पोहोचत नाही. तेथे कार्यकर्त्यानेच पोहोचले पाहिजे.

आणि साखर? दात कशाने किडतात हे आता गूढ राहिलेले नाही. तोंडातील जंतू साखर खातात आणि तिचे आम्ल करतात. ते आम्ल दाताचे कवच विरघळविते. लाळ ते हळूहळू भरून काढते, पण दर तासाला काही गोड तोंडात पडत राहिले तर लाळेला उसंत मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्ले याहूनही किती वेळा खाल्ले आणि ते दाताला किती चिकटून राहिले, हे अधिक महत्त्वाचे. हे ज्ञान १९४५ नंतर स्वीडनमधील व्हिपेहोल्म या संस्थेत झालेल्या प्रयोगांतून पक्के झाले. तेथे बौद्धिक अपंगत्व असलेल्या, संमती देऊ न शकणाऱ्या माणसांना मुद्दाम चिकट टॉफी खाऊ घालून त्यांचे दात किडू दिले होते. ज्ञानही दुबळ्यांच्याच तोंडातून काढले गेले, आणि त्याचा लाभ मात्र दुबळ्यांच्या तोंडापर्यंत अजून आलेला नाही. आपल्या करव्यवस्थेला तर त्याची लाजही वाटली नाही. २०१७ पासून साखरेवर ५ टक्के आणि टूथपेस्टवर १८ टक्के जीएसटी होता. टूथपेस्टचा दर ५ टक्क्यांवर यायला २०२५ साल उजाडावे लागले.

आता पैशाचा प्रश्न. ‘सगळ्यांचे दात सरळ करायला सरकारकडे पैसा कोठून येणार?’ सगळ्यांचे करावे असे कोणी म्हणत नाही. खरी गरज आणि हौस यांत फरक करता येतो, आणि तो खिशावरून नव्हे तर शास्त्राने करता येतो. ब्रिटनमध्ये १९८९ साली दंतवैद्यकाच्या अभ्यासकांनी गरज मोजण्याचा एक निर्देशांक तयार केला. दात किती पुढे आहेत, किती अडकले आहेत, चावण्याला किती अडथळा होतो, हे मोजून पाच पायऱ्या ठरविल्या. वरच्या पायऱ्यांवरील अठरा वर्षांखालील मुलांना तेथे सरकारी सेवेतून मोफत उपचार मिळतो. किरकोळ वाकडेपणा असेल तर तो ज्याने त्याने आपल्या खर्चाने सुधारावा. आपल्याकडेही पायऱ्या आहेत, पण त्या बापाच्या उत्पन्नाच्या आहेत.

स्वस्त मार्गही उपलब्ध आहेत. १९८० नंतरच्या दशकात टांझानियात अशी पद्धत विकसित झाली की जीत वीज लागत नाही, यंत्र लागत नाही. हाताच्या उपकरणांनी कीड खरवडून ग्लास आयोनोमर नावाचे सिमेंट दाढेत भरतात. हे शाळेच्या बाकावर करता येते. ते सिमेंट आणि फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. मनुष्यबळाचे म्हणाल, तर न्यूझीलंडने १९२१ सालापासून तरुण मुलींना दंतपरिचारिकेचे शिक्षण देऊन शाळाशाळांतून मुलांचे दात भरविले; मलायाने १९४९ साली तोच मार्ग धरला. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला, त्या कोल्हापूरला शाळेत दंतपरिचारिका नेमणे अशक्य वाटू नये.

तेव्हा आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात दंतशल्यचिकित्सक, चालू असलेली खुर्ची आणि पुरेसे सिमेंट असलेच पाहिजे. शाळेतील तपासणीच्या जोडीला शाळेतच दाढा भरण्याची सोय झाली पाहिजे. वाकड्या दातांवरील उपचार गरजेच्या निर्देशांकाप्रमाणे अठरा वर्षांपर्यंत मोफत मिळाला पाहिजे, आणि त्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून ठरलेल्या दिवशी तज्ज्ञ आला पाहिजे. खाजगी दंतमहाविद्यालयांना सरकारने मान्यता दिली आहे, तर प्रत्येकाकडे काही तालुक्यांची कायम जबाबदारीही सोपवावी. वर्षातून एक शिबिर, एक फलक आणि टूथपेस्टच्या नमुन्याची एक पुडी यांवर भागवू नये. आणि ऊसतोड कामगारांच्या कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घेण्याचे सरकारने ठरविलेच आहे. त्यातून फडावरच्या मुलांच्या आणि बायांच्या तोंडाची तपासणी व उपचार व्हावेत. साखरेने केलेल्या जखमेवर साखरेच्याच पैशातून मलमपट्टी होणे न्याय्यच आहे.

शिबिराचे दान आणि सेवेचा हक्क यांतला फरक आपण विसरता कामा नये. दानासाठी गरिबाने दाताच्या कण्या कराव्या लागतात. हक्कासाठी त्याने ताठ मानेने रांगेत उभे राहायचे असते. म्हणून पहिले काम कार्यकर्त्यांचे. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात : दंतवैद्याचे पद भरलेले आहे का, खुर्ची चालू आहे का, आणि गेल्या महिन्यात किती दाढा भरल्या व किती काढल्या. हा शेवटचा आकडा सगळे सांगून जाईल. जेथे काढलेल्या दाढा भरलेल्या दाढांच्या अनेक पटींनी अधिक असतील, तेथे उपचार होत नसून गरिबीचा निकाल लागतो आहे असे समजावे. आणि हो, आपल्यापैकी ज्यांच्या खिशात तमाखूची पुडी आहे, त्यांनी ती आधी बाहेर काढावी. मग मिश्रीबद्दल बायकांना उपदेश करावा.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असे आपली माणसे म्हणतात, तेव्हा ती दैवाला बोल लावतात. पण ज्या समाजात दात असलेल्या पोराला चणे मिळत नाहीत आणि आयुष्यभर खपून चणे मिळविलेल्या म्हाताऱ्याला दात उरत नाहीत, त्या समाजाच्या दोन्ही अन्यायांचा कर्ता एकच आहे, आणि तो दैव नव्हे. वाडीला आलेल्या पोराने पेढा खुशाल खावा. आजीने सांगितल्याप्रमाणे खाऊन झाल्यावर चूळ भरावी. मात्र त्या पोराची दाढ किडली तर ती भरायला माणूस, सिमेंट आणि खुर्ची त्याच्या तालुक्यात असावी, आणि त्या पोरीला पदर तोंडावर न धरता हसता यावे. एवढे मागणे चैनीचे आहे असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांनी आपल्या मुलांच्या दातांवर किती खर्च केला, तेवढे मनाशी आठवून पाहावे.